काटा खाली आला म्हणून खूश झालो: मारुती ८००चं इंजिन घरी खोलताना

ज्यांना लोकलमध्ये किंवा ऑफिसात कानात इयरफोन घालता येत नाहीत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोललो तसाच, मधले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत.

इंजिन सुरू झालं त्या दिवशीचा छोटा व्हिडिओ मी टाकला होता. त्यावर तुमचे बरेच प्रश्न आले. किती खर्च आला, हत्यारं कुठली लागतात, मी सिव्हिलवाला आहे, मला जमेल का. सगळं सांगतो. पण त्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की इंजिन जुनं झालं होतं म्हणून खोललं. ते खोटं आहे. इंजिन मी मारलं. आणि घरात जवळजवळ चार महिने ते कुणाला सांगितलं नाही. म्हणून आधी तिथून सुरुवात करू.

गाडी म्हणजे आमची मारुती ८००, १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. पप्पांनी घेतली तेव्हा मी जेमतेम चालायला लागलो होतो. पंधरा वर्षांनंतर गाडीची पुन्हा नोंदणी करावी लागते आणि ती पाच वर्षांची मिळते. पप्पांनी ती प्रत्येक वेळी स्वतः जाऊन केली, एजंट न लावता. कोल्हापुरात आमच्या गल्लीत ही गाडी लग्नाच्या वरातीला गेलीय, दवाखान्यात गेलीय, एकदा शेळी पण आणलीय तिच्यातून. मी पुण्यात नोकरीला, आता बराच वेळ घरूनच काम. मागच्या पावसाळ्याआधी काही सामान आणायला मी तीच गाडी पुण्याला नेली होती.

तर पुण्याहून परत येताना, खंबाटकी घाट. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना माहितेय, साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगदा लागायचा, पण पुण्याकडून येताना तेव्हा घाट चढावा लागायचा. दुपारचे तीन, मे महिना, पुढे ट्रकची रांग. दुसऱ्या-पहिल्या गिअरवर चढतोय. निम्म्या घाटात टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला.

मी बघितला. हे मुद्दाम सांगतोय. बघितला नाही असं नाही. रात्री नऊला माझं प्रॉडक्शनवर एक रिलीज होतं, त्याच्या आधी घरी पोचायचं होतं. म्हटलं, वर गेलो की उतार आहे, आपोआप गार होईल.

आणि तसंच झालं! घाटमाथा यायच्या जरासं आधी काटा सरसर खाली आला. अगदी निम्म्याच्याही खाली. मी गाणं लावलं.

आता ऐका काय झालं होतं ते. रेडिएटरची खालची होस पाइप फाटली होती आणि कूलंट रस्त्यावर सांडून गेलं होतं. टेंपरेचरचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो, तो पाण्याचं तापमान मोजतो, लोखंडाचं नाही. पाणीच उरलं नाही की सेन्सर हवेत लटकतो आणि काटा खाली येतो. म्हणजे इंजिन सगळ्यात जास्त तापलेलं असतं नेमकं तेव्हा काटा म्हणतो, सगळं ठीक आहे. आमच्या कामात याला चांगली उपमा आहे. सर्व्हरचे अलर्ट एकदम बंद झाले तर सर्व्हर सुधारला असं कुणी शहाणा म्हणत नाही, आधी बघतो की अलर्ट पाठवणारा प्रोग्रॅमच मेलाय का. ऑफिसात मी हे नव्या मुलांना शिकवतो. घाटात विसरलो.

सुरूरच्या अलीकडे गाडीने दम तोडला. आधी ताकद गेली, मग खडखड, मग बंद. बॉनेट उघडलं तर तापलेल्या तव्याचा वास.

(तुमच्यावर ही वेळ आली तर, काटा लाल होताच एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर लावा, तो इंजिनातली थोडी उष्णता आत ओढतो. मग जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं.)

टेम्पोवर टाकून गाडी घरी आणली. पप्पा दारात उभे. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "माहीत नाही, अचानक बंद पडली." पप्पांनी खाली वाकून बघितलं, फाटकी पाइप बघितली आणि तिथंच फोन लावला रेडिएटरवाल्या चाचांना. कारण महिन्यापूर्वीच त्यांच्याकडून रेडिएटर साफ करून घेतला होता. "भाई, पैसे मोजून घेतले आणि महिन्यात गाडी बसली. हे काम का तुमचं?" असं बरंच काही.

आणि इथं मी गप्प बसलो. कारण गाडी आणायला चाचांकडे मी गेलो होतो. त्यांनी अंगठ्यानं ती पाइप दाबून दाखवली होती आणि म्हणाले होते, "ही कडक झालीय, तडा जाणार. बदलून घे." पाइप त्यांच्याकडे नव्हती, दुकानातून आणायला लागणार होती. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.

पप्पा रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात. त्यांच्या ग्रुपमध्ये जुन्या गाड्या जपणारे चौघे-पाच जण आहेत. आठवड्याभरात त्या सगळ्यांना कळलं की त्या रेडिएटरवाल्याकडे जायचं नाही.

गॅरेजवाल्यानं इंजिनाच्या पूर्ण कामाचा जो आकडा सांगितला, त्यापेक्षा भंगारवाला गाडीचे कमी देत होता. पप्पा म्हणाले, देऊन टाकू. मी म्हटलं, मी करतो. पप्पा हसले. मला वाटतं त्यांना ती हौस वाटली. माझ्यासाठी तो दंड होता.

बरं, आता इंजिनाकडे येऊ. ज्यांना घरी शिकायचंय त्यांच्यासाठी याच्यासारखं दुसरं इंजिन नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, प्रत्येकाला दोन व्हॉल्व, एक कॅमशाफ्ट, रबरी टायमिंग बेल्ट. कॉम्प्युटर नाही. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण हेच इंजिन ओम्नी व्हॅनमध्येही होतं, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. फक्त दुकानात गेल्यावर 'सहा व्हॉल्ववालं' असं सांगा. बारा व्हॉल्वचं वेगळं येतं, त्याचं हेड गॅस्केट घेऊन आलात तर परत जावं लागेल. मी गेलोय.

खोलण्याआधी कॉम्प्रेशन बघितलं. प्लग काढून तिथं गेज लावायचा आणि स्टार्टर फिरवायचा. पहिल्या सिलिंडरला १५० पीएसआय, दुसऱ्याला ५५, तिसऱ्याला ५०. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की बहुतेक वेळा त्यांच्या मधलं हेड गॅस्केट उडालेलं असतं. ऑइलच्या झाकणाला आतून कॉफीच्या फेसासारखा थर होता, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलं होतं.

इंजिन बाहेर काढायला लोखंडी पाइपांची तिवई केली आणि चेन कप्पी भाड्यानं आणली. पोर्चच्या स्लॅबला हुक मारून लटकवू नका, आमच्या आत्तेभावाची ती आयडिया होती, आईनं हाणून पाडली. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं नाव. साडेतीनशे फोटो काढले. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकमेकांत बदलू द्यायच्या नाहीत, ज्या रॉडची टोपी त्याच रॉडला, त्याच बाजूनं. कारण रॉड आणि टोपी जोडून मगच ते भोक कापलेलं असतं.

हेड उतरवलं तेव्हा मी पायरीवर बसलो जरा वेळ. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे. नखाला लागत होते. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज सारला तर ०.१५ मिमीची पाती आरामात जात होती. ०.०५च्या वर चालत नाही. ब्लॉक बिडाचा असतो आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. बोल्टनी जखडलेलं असताना त्याला पसरायला जागा नाही, मग ते वाकतं. गार झालं तरी सरळ होत नाही. फोटो काढला, झूम करून बघितला, काही बदललं नाही त्याच्यात.

यापुढचं काम घरी होत नाही. सिलिंडर बोअर करायला मशीन लागतं, आणि त्यासाठी कोल्हापूरकरांना लांब जायला नको. शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिनांपासून सगळं ज्या गल्ल्यांमध्ये बनत आलंय. तिथं एक मामा आहेत, सत्तरीच्या आसपास, पत्र्याचं शेड, एक बोअरिंग मशीन. मी ब्लॉक घेऊन गेलो तर पहिला प्रश्न, "पिस्टन कुठंयत?"

मी म्हटलं, "बोअर झालं की त्या मापाचे आणतो."

"उलटं बोलालायंस. आधी पिस्टन आण. पिस्टन मोजून त्याच्या मापानं बोअर करायचं असतंय. डब्यावर लिहिलंय तेच माप आत असतंय व्हय?"

ओरखडे ०.२५मध्ये निघणारे नव्हते, म्हणून ०.५० ओव्हरसाइझचे पिस्टन घेतले. मूळ बोअर ६८.५ मिमी, आता ६९. स्ट्रोक ७२च आहे. गणित करून बघा, ७९६ सीसीचं इंजिन साधारण ८०८ सीसीचं झालं. म्हणजे आमची ८०० आत्ता कुठं खरी ८०० झाली. मामांनी बोअर केलं, वर होनिंग केलं. होनिंगनं भिंतीवर बारीक तिरक्या रेघांची जाळी पडते, त्या रेघांत ऑइल टिकतं. आरशासारखा गुळगुळीत सिलिंडर चांगला असं मला वाटायचं. तसं नसतं. हेडचं फेसिंगही तिथंच झालं.

मग घरी जोडणी. रोज रात्री ऑफिसचे कॉल संपल्यावर, पोर्चमध्ये बल्ब लावून. व्हॉल्वना पेस्ट लावून हातानं घासणं हे काम मला सगळ्यात आवडलं. काठीच्या टोकाला रबरी चकती, तिनं व्हॉल्व धरायचा आणि ताक घुसळल्यासारखी काठी दोन तळहातांत फिरवायची. सुरुवातीला करकर आवाज येतो, पेस्ट झिजत गेली की मऊ होतो. बेअरिंगमधली फट मोजायला प्लॅस्टिगेज म्हणून मेणासारखा बारीक दोरा मिळतो. तो ठेवून टोपी ठरल्या टॉर्कला आवळायची, परत काढायची, आणि दोरा किती चपटा झाला ते पट्टीवर बघायचं. किती साधी कल्पना आहे! आणि पिस्टनच्या रिंगांची फट. रिंग सिलिंडरमध्ये सरकवायची, तिच्या दोन टोकांत फिलर गेज घालून बघायचं. फट कमी पडली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग भिंत ओरबाडते. सगळं मोजलं, वहीत लिहिलं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत. टायमिंगच्या खुणा चार वेळा बघितल्या.

रविवारी सकाळी सुरू केलं. पहिल्या काही सेकंदांत पकडलं! आई बाहेर आली, शेजारचे आले. तो व्हिडिओ तुम्ही बघितलाय. व्हिडिओत नाही ते हे की दहा मिनिटांनी सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला. नवीन रिंगा बसेपर्यंत थोडा येतो, म्हणून मी दोन दिवस थांबलो, गाडी फिरवली. थांबेना. प्लग काढले, एक आणि तीन कोरडे, दोन नंबरचा ऑइलनं ओला.

माझं मन कुठं गेलं सांगू? थेट उद्यमनगरात. दोन नंबरचं बोअर म्हाताऱ्यानं वाकडं मारलंय. एकदाही, शपथेवर सांगतो, एकदाही माझ्या मनात आलं नाही की मी काही चुकलो असेन. माझ्याकडे वही होती ना, मोजमापं होती.

गेलो आणि बोललो. शेडमध्ये अजून तीन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर बोललो. आवाज चढवून. मामांनी मशीन बंद केलं आणि म्हणाले, "दोन नंबरचा पिस्टन बाहेर काढून आण. रिंगा काढू नगंस, तसाच आण."

परत हेड उतरवलं, ऑइलचा चेंबर काढला, पिस्टन काढला. दोन रात्री गेल्या. नवीन हेड गॅस्केट घ्यावं लागलं, कारण एकदा दाबलेलं परत वापरत नाहीत. पिस्टन कापडात गुंडाळून मामांकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, दुसऱ्या रिंगेवरून नख फिरवलं आणि रिंग माझ्यासमोर धरली. "खूण कुठंय?"

रिंगेच्या टोकाजवळ एक बारीक खूण असते. ती वर यायला पाहिजे. माझी खाली होती.

दुसरी रिंग किंचित तिरकी कापलेली असते. पिस्टन खाली जाताना तिची खालची धार भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली नेते. उलटी घातली की तीच धार ऑइल वर ओढते आणि ते जळतं. तीन पिस्टन होते, दोन बरोबर घातले आणि एक चुकला. माझ्या वहीत त्या पानावर वेळ लिहिलेली आहे, रात्रीचे पावणेबारा. फट मोजली होती, लिहिली होती. कुठली बाजू वर आहे हे लिहायचा रकानाच मी वहीत केला नव्हता.

मामा काही बोलले नाहीत. मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोललो." ते म्हणाले, "दोन चहा सांग जा कोपऱ्यावर." चहा येईपर्यंत त्यांनी माझ्या हातानं ती रिंग सुलटी घालून घेतली. पैसे विचारले तर हात हलवला.

घरी येताना स्कूटरवर मला चाचा आठवत होते. मामांकडे निदान पिस्टन तरी होता दाखवायला. चाचांच्या बाजूनं बोलणारी ती फाटकी पाइप होती, ती मी जुन्या सामानाबरोबर भंगारात घातली होती.

गाडी परत जोडली. धूर थांबला. पप्पा त्या दिवशी फार खुशीत होते, गल्लीत सगळ्यांना बॉनेट उघडून दाखवत होते. आणि एकाला सांगत होते की त्या रेडिएटरवाल्यानं वाट लावली होती, पोरानं उभी केली. मी आत गेलो. रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. लाल काटा, घाट, पुढच्या महिन्यात बघू, सगळं.

मला वाटलं होतं गाडीबद्दल बोलतील. गाडीबद्दल एक शब्द नाही. बराच वेळ टीव्हीकडे बघत होते, आवाज बंद होता. मग म्हणाले, "रंकाळ्यावर मी कुणाकुणाला सांगितलंय, माहितेय तुला?" आणि बोटांवर नावं मोजायला लागले. पाच झाली. सहावं आठवत होते. मग उठून झोपायला गेले.

सकाळी सहाला मला उठवलं. "गाडी काढ."

पहिल्यांदा रंकाळा. मी गाडीत बसून राहिलो, ते एकटेच उतरले. काय बोलले मला ऐकू आलं नाही, पण ग्रुपमधल्या दोघांनी वळून गाडीकडे बघितलं. तिथून चाचांचं दुकान उघडायची वाट बघत आम्ही समोर थांबलो. चाचा आले, गाडी बघितली, पप्पांना सलाम-नमस्कार काही नाही, सरळ बॉनेट उघडायला सांगितलं. खालची पाइप अंगठ्यानं दाबली.

"बदलली का?"

"हो चाचा."

"क्लॅम्प जास्त आवळलायंस. पाइप कापंल." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि अर्धा फेरा सैल केला. मग पप्पांकडे वळले. पप्पा म्हणाले, "भाई, ह्यानं मला काल सांगितलं." चाचा म्हणाले, "मला त्याच दिवशी वाटलं होतं पोरगं सांगंल म्हणून." एवढंच. पप्पांनी गाडीचा पुढचा सगळा कूलंट त्यांच्याकडूनच बदलायचा ठरवलंय. त्यांच्यात पहिल्यासारखं आहे असं मी म्हणणार नाही. चहाला बोलावलं तर चाचा अजून येत नाहीत.

तुमच्या खर्चाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. भाग आणि मशीनचं काम मिळून सत्तावीस हजार, त्यात माझ्या उलट्या रिंगेचं दुसरं गॅस्केट आणि ऑइल धरलंय. हत्यारांचे नऊ वेगळे. त्यातला टॉर्क रेंच चांगलाच घ्या, बाकी पाने उसने मिळतात. सिव्हिलवाल्या मित्रा, तुला जमेल. वहीत एक रकाना जास्त कर.

सध्या रनिंग-इन चालू आहे. पूर्ण लोड द्यायचा नाही, एकाच वेगात लांब चालवायची नाही, वेग कमीजास्त करत राहायचं. ५०० किलोमीटरला ऑइल बदलायचं, टॅपेट परत बघायचे. ४१२ झालेत. डिस्ट्रिब्युटरच्या खाली थोडं ऑइल पाझरतंय, ओ-रिंग असावी, येत्या रविवारी बघतो.